कोरेगाव पार्कातली ती बॅग

परवा पुण्यात कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरी या कॅफेसमोरून गेलो आणि १३ फेब्रुवारी २०१० चा शनिवार आठवला. संध्याकाळी सातच्या आसपास फोन लागेना, आई गॅलरीतच उभी, मी आपला चुलतभावाला एसएमएस करत बसलो होतो, तो त्याच बाजूला राहायचा ना. तिथे ठेवलेल्या एका बॅगेतल्या बॉम्बने १७ माणसं गेली.

त्यामागे इंडियन मुजाहिदीनचं नाव आलं. ही सिमीतून, म्हणजे बंदी घातलेल्या एका विद्यार्थी संघटनेतून, बाहेर पडलेल्या पोरांची दहशतवादी संघटना, एकच मोठी फौज वगैरे नाही, वेगवेगळ्या शहरांत छोटी छोटी मॉड्यूल्स, म्हणजे वेगवेगळे गट. एकाला दुसऱ्याचं फारसं माहीत नाही, त्यामुळे एक पकडला तरी सगळी साखळी हाती लागत नाही. स्फोटाच्या आधी मीडियाला ईमेल पाठवायची यांची खोड, आणि त्यांची मीडिया सेल सांभाळल्याच्या आरोपावरून २००८ मध्ये पोलिसांनी उचलला तो आपल्या पुण्यातला सॉफ्टवेअर इंजिनिअर! आयटीवाल्यांच्या शहरात हे ऐकून पोटात गोळाच आला होता.

२०१० मध्ये संघटनेवर बंदी आली, २०१३ मध्ये तिचा म्होरक्या यासिन भटकळ नेपाळच्या सीमेवर सापडला. आमची आई मात्र अजून हॉटेलात बसायच्या आधी टेबलाखाली वाकून बघते, वेटर हसतो.