दार मिटेना: ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग आणि त्यातल्या चुका

‘डॉक्टर हू’ ही ‘डॉक्टर’ नावाच्या कालप्रवाशाची विज्ञानकथा मालिका. तिचा पहिला भाग बीबीसीने दोनदा रेकॉर्ड केला. पहिल्यांदा २७ सप्टेंबर १९६३ ला, दुसऱ्यांदा १८ ऑक्टोबरला. २३ नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी प्रेक्षकांनी पाहिला तो दुसरा. पहिला नापास झाला, पण नशिबाने टिकून राहिला. १९९१ मध्ये बीबीसीने तो दाखवला आणि पुढे तो डीव्हीडीवरही आला. गोष्ट तीच, मुख्य चार नट तेच, दिग्दर्शक वारिस हुसेन तोच (लखनऊत जन्मलेला, तेव्हा अवघ्या २४ वर्षांचा). चुका शोधणाऱ्याला अशी जोडी क्वचितच मिळते. चुकीची प्रत आणि सुधारलेली प्रत, दोन्ही समोर.

नापास प्रतीत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं ते टार्डिसचं, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाचं, दार. शाळेतले दोन शिक्षक, इयन आणि बार्बरा, सूझन या आपल्या विचित्र विद्यार्थिनीच्या मागोमाग भंगारच्या आवारात येतात, तिथल्या निळ्या पोलीस बॉक्समध्ये (पोलिसांना फोन करायची कपाटाएवढी पेटी, तेच टार्डिस) घुसतात आणि आत प्रचंड मोठी खोली निघते. या क्षणावर सगळी मालिका उभी आहे, आणि नेमकं त्याच वेळी मागचं दार मिटत नाही. नट गंभीर चेहऱ्याने संवाद म्हणतायत आणि पाठीमागे दाराच्या झडपा उघडतायत, आपटतायत. दार यंत्राने चालत नव्हतं, सेटमागे उभी असलेली माणसं ते ढकलत होती. खुणेची वेळ जरा चुकली किंवा बिजागरी अडली की हे असं होणारच. टार्डिसमधल्या या उत्तरार्धाचे एकाहून अधिक टेक घेतले गेले, ते सगळे टिकून आहेत आणि डीव्हीडीवर पाहता येतात.

शिवाय कॅमेऱ्याच्या हालचाली अडखळतात. पण नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमनने हा भाग परत पाठवला तो फक्त तांत्रिक चुकांसाठी नाही. डॉक्टर त्याला फार खडूस वाटला. दुसऱ्या प्रतीत डॉक्टरची भूमिका करणारा विल्यम हार्टनेल बराच मिश्कील झाला आहे. साधा कोट आणि टाय जाऊन जुन्या एडवर्डियन काळातला पोशाख आला. सूझन नापास प्रतीत सांगते की आपण एकोणपन्नासाव्या शतकात जन्मलो. सुधारित प्रतीत ते शतक काढून ‘दुसरा काळ, दुसरं जग’ असं मोघम ठेवलं. माझ्या मते त्या संध्याकाळची सगळ्यात मोलाची दुरुस्ती हीच. दार बिजागरीने सुधारलं असतं, पण एकोणपन्नासावं शतक एकदा बोलून गेलं असतं तर पुढच्या प्रत्येक लेखकाच्या गळ्यात पडलं असतं.

आता खरा प्रश्न. अशा चुका तेव्हा लगेच का दुरुस्त होत नसत? दार आपटलं, तर थांबायचं आणि तेवढाच तुकडा परत घ्यायचा. आज कोणीही तेच करेल. १९६३ मध्ये ते इतकं सोपं नव्हतं. लंडनमधल्या लाइम ग्रोव्हचा ‘डी’ स्टुडिओ, आठवडाभर तालीम, शुक्रवारी रेकॉर्डिंग. पंचवीस मिनिटांच्या भागासाठी प्रत्यक्ष टेप फिरायची ती संध्याकाळी, तासा-सव्वा तासाच्या अवधीत. काम जवळजवळ नाटकासारखं चाले. कॅमेरे एकाच वेळी चालू, दिग्दर्शक वरच्या कंट्रोल रूममध्ये, मिक्सर (कॅमेऱ्यांची चित्रं बदलणारा तंत्रज्ञ) जागच्या जागी कट मारत असतो. संकलन म्हणजे त्या क्षणी दाबलेलं बटण.

टेप दोन इंच रुंद, सेकंदाला साधारण पंधरा इंच वेगाने धावणारी. ती कापून जोडता येत होती, पण कशी ते ऐका. टेपवर चित्र दिसत नाही. म्हणून लोखंडाची बारीक पूड असलेला द्रव लावून तिच्यावरच्या चुंबकीय खुणा उमटवायच्या, भिंगाखाली नेमकी जागा शोधायची, पात्याने कापायचं आणि मागून पट्टी चिकटवायची. जागा जराशी चुकली की जोडावर चित्र लोळण घेतं. आणि आवाजाचं हेड चित्राच्या हेडपासून नऊ इंचांहून थोडं जास्त अंतरावर बसवलेलं. म्हणजे एकाच ठिकाणी कापलेल्या टेपवरचं चित्र आणि आवाज यांत अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक. बोलता बोलता कापलं तर शब्द तुटणार, नाहीतर मागच्या शॉटचं शेपूट पुढच्या शॉटवर ऐकू येणार. वर टेप महाग आणि पुन्हा वापरायची असते. कापली की तिची किंमत उतरली. म्हणून कट फक्त आधी ठरवलेल्या विरामाच्या जागी. मध्ये कुणी चुकलं तर मागच्या विरामापासून सगळ्यांनी परत सुरू करायचं, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

हे लक्षात आलं की हार्टनेलच्या अडखळण्याकडे बघण्याची दृष्टी बदलते. दुसऱ्याच कथेत, म्हणजे डॅलेक (यंत्राच्या कवचातले परग्रहावरचे शत्रू) पहिल्यांदा आले त्या कथेत, तो किरणोत्सर्गावरच्या औषधाऐवजी ‘हातमोजे’ म्हणून जातो आणि लगेच सावरतो. लोक हसतात. पण बघण्यासारखं आहे ते त्याचं सावरणं. तो थांबत नाही, कॅमेऱ्याकडे बघत नाही, समोरचा नटही वाक्य तसंच पुढे नेतो. रंगभूमीवर मुरलेल्या माणसांचं हे काम आहे. १९६५ च्या ‘द वेब प्लॅनेट’मध्ये तर भल्यामोठ्या मुंगीच्या सोंगातला झारबी धावत येऊन सरळ कॅमेऱ्यावर आदळतो, चित्र हादरतं, आणि तो शॉट तसाच प्रसारित झाला. त्या पोशाखातून नटाला धड दिसत नव्हतं, आणि परत घ्यायला वेळ नव्हता.

एखादा भाग पूर्णच परत करावा लागला, तर कारणही तेवढंच मोठं लागे. ‘द डेड प्लॅनेट’ हा डॅलेकांच्या कथेचा पहिला भाग १५ नोव्हेंबर १९६३ ला रेकॉर्ड झाला, पण कंट्रोल रूममधून हेडफोनवर दिल्या जाणाऱ्या सूचनांचा आवाज सेटवरच्या माइकमध्ये शिरला होता. परग्रहावरच्या शांततेत कुजबुज. हे नटाच्या चुकीसारखं एका वाक्यापुरतं नसतं, सगळ्या भागभर पसरतं, कापून काढता येत नाही. म्हणून ६ डिसेंबरला तो सगळा भाग नव्याने उभा केला.

या पद्धतीच्या चुका ओळखायच्या काही खात्रीच्या जागा आहेत. पहिली जागा बूमची सावली. माइक लांब दांड्यावर नटांच्या डोक्यावर असतो आणि मुख्य दिवा समोरून, उंचावरून येतो. नट भिंतीजवळ सरकला किंवा ठरलेल्या खुणेच्या पुढे गेला, की दांड्याची सावली भिंतीवर पडते. नट चालत असताना मागची भिंत बघायची, नटाला बघायचं नाही. दुसरी जागा कटच्या आधीचा अर्धा क्षण. तेव्हाच्या कॅमेऱ्यांवर पुढे फिरती चकती आणि तिच्यावर वेगवेगळी भिंगं असत. कॅमेरा ‘हवेत’ नसताना, म्हणजे त्याचं चित्र घेतलं जात नसताना, कॅमेरामन चकती फिरवून भिंग बदलायचा आणि फोकस जुळवायचा. मिक्सरने कट घाईने मारला तर धूसर चित्र नाहीतर फिरणारी चकतीच दिसते. तिसरी जागा सेटची लांबची भिंत. टार्डिसच्या आतल्या भिंतींवरची वर्तुळं जवळून खोल, उठावदार आहेत. मागे काही ठिकाणी मात्र ती मोठ्या केलेल्या छायाचित्राची सपाट पाटी आहे. कॅमेरा सरळ समोर असेपर्यंत फसवणूक चालते, तिरका झाला की वर्तुळांचा उजेड खऱ्या वर्तुळांशी जुळत नाही. डॅलेकांच्या बाबतीतही मागच्या रांगेत छायाचित्रांचे पुठ्ठे उभे केले होते, कारण खरे डॅलेक चारच बनवले होते.

भंगारच्या आवारातला काळोख हा मात्र चूक म्हणून मोजू नये. इयनची बॅटरी हातातून पडते, सापडत नाही, काडेपेटीही जवळ नाही, आणि तरीही आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं. ४०५ रेषांच्या त्या कॅमेऱ्यांना भरपूर उजेड लागायचा. खरा अंधार केला असता तर घरच्या पडद्यावर नुसता राखाडी चिखल दिसला असता. तो संकेत आहे. आपल्या नाटकातली रात्रही अशीच निळ्या उजेडात लख्ख दिसते.

फिल्मवर होणाऱ्या मालिकेत चुकांची जात पूर्ण वेगळी. तिथे एकच कॅमेरा, प्रत्येक शॉट वेगळा, मध्ये तासांचं किंवा दिवसांचं अंतर. अडखळलं की परत टेक, त्यामुळे जीभ घसरलेली दिसत नाही. चूक जन्मते ती दोन शॉटच्या फटीत. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळ मालिकेचा ‘द एनिमी विदिन’ (६ ऑक्टोबर १९६६) घ्या. यंत्राच्या बिघाडाने कप्तान कर्कचे दोन कर्क होतात, एक भला, एक दुष्ट, आणि दोन्ही विल्यम शॅटनर. दुष्ट कर्कच्या गालावर ओरखडे आहेत, तेवढीच खूण. भागाच्या शेवटाकडे काही जवळच्या शॉटमध्ये ते ओरखडे एका गालावरून दुसऱ्या गालावर जातात. रंगभूषाकाराची चूक असेल असं वाटतं, पण दोष बहुधा संकलनाच्या टेबलावरचा. दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाने पडद्याच्या डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे बघायला हवं. दोन्ही भूमिका एकच नट करतो तेव्हा समोर कुणीच नसतं, आणि नजर चुकीच्या बाजूला गेली तर दोघं एकाच दिशेला बघतायत असं दिसतं. मग संकलक शॉट आरशासारखा उलटा छापून घेतो. नजर जुळते, ओरखडे पळतात. असा उलटवलेला शॉट ओळखायला केसांचा भांग, छातीवरचं बोधचिन्ह आणि मागचे दिवे बघावेत. तिन्ही बाजू बदलतात. त्याच भागात सुरुवातीला कर्कच्या छातीवर बोधचिन्हच नाही, ही मात्र साधी कपडेपटाची चूक.

तिसरा प्रकार प्रसारणाच्या क्रमाचा. ‘स्टार ट्रेक’चा दुसरा पायलट (चाचणीचा भाग) जुलै १९६५ मध्ये चित्रित झाला आणि २२ सप्टेंबर १९६६ ला, क्रमाने तिसरा म्हणून, दाखवला गेला. त्यामुळे नव्या गणवेशांनंतर अचानक जुने गणवेश येतात, यानावरचा डॉक्टर मॅकॉय गायब होतो, आणि कबरीच्या दगडावर ‘जेम्स आर. कर्क’ कोरलेलं दिसतं. ‘टायबेरियस’ हे मधलं नाव कर्कला मिळालं ते १९७० च्या दशकातल्या कार्टून मालिकेत. यात कंटिन्युइटी (शॉट आणि भाग यांतला मेळ) सांभाळणाऱ्याचा काय दोष? जुळवायला तेव्हा काही नव्हतंच. याच्या उलट ‘डॉक्टर हू’च्या १९८८ च्या ‘रिमेम्ब्रन्स ऑफ द डॅलेक्स’मध्ये पहिल्या भागातल्याच भंगारवाल्याच्या फाटकावर ‘आय. एम. फोरमन’ या नावातलं एक ‘ई’ गळालं आहे. तिथे पंचवीस वर्षांपूर्वीचा भाग समोर होता, एकदा थांबवून पाटी वाचली असती तरी पुरलं असतं. अशा चुकीला मी माफी देत नाही.

हे सगळं आज तपासायचं असेल तर आधी टीव्हीची सेटिंग बघा. जुने संच चित्राच्या चारही कडा थोड्या झाकायचे, आणि स्टुडिओतली मंडळी ते गृहीत धरूनच बूम आणि सेटची टोकं कडेला ठेवायची. आताच्या संचावरही कधीकधी तीच कापाकापी आपोआप चालू असते. ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडलं की पूर्ण चित्र येतं आणि वरच्या कडेला दांडे दिसू लागतात. पण प्रत्येक दांड्याला चूक म्हणण्याआधी चित्राची कडा थोडी हाताने झाकून बघा. झाकल्यावर नाहीसा होणारा दांडा १९६३ च्या प्रेक्षकाला कधी दिसलाच नव्हता. आणखी एक. मूळ टेप पुसल्या गेल्या, आपल्याकडे आहे ती मॉनिटरसमोर कॅमेरा लावून १६ मिमी फिल्मवर उतरवलेली प्रत. काळे ठिपके, ओरखडे, चित्राची किंचित हालचाल ही त्या फिल्मची देणगी. ती स्टुडिओच्या खात्यावर मांडू नका.