सोफ्यावरचे काका

रोजच्या मालिकेत घर कुठलंही असो, सोफ्याच्या टोकाला एक काका बसलेले असतातच. हातात कप. समोर सासू-सुनेची जुंपलेली. काका मध्येच ‘अहो पण वहिनी...’ एवढं म्हणतात आणि गप्प होतात. घरी बघणाऱ्याला वाटतं, नुसतं बसायचे पैसे!

त्या कपाकडे जरा बघा. प्रसंग आधी मास्टरमध्ये घेतात, म्हणजे अख्खी खोली दिसेल असा. मग खांद्यावरून, मग एकेकाचे क्लोज. तेच संवाद चार-पाच वेळा. मास्टरमध्ये ‘वहिनी’ या शब्दावर कप उजव्या हाताने उचलला असेल, तर दर वेळी त्याच शब्दावर, त्याच हाताने. चुकलं की दोन शॉट जुळत नाहीत. कप मांडीवरून एकदम तोंडाशी. एडिटर मग एक शॉट गाळतो. नायिकेचा क्लोज कोण गाळणार? जातो तो काकांचा. म्हणून मुरलेला नट चहा पीतच नाही, ओठांपर्यंत नेऊन खाली ठेवतो. कप रिकामाही नको, हात फार हलका उठतो आणि खोटेपणा दिसतो. अर्धा कप पाणी उत्तम.

चष्म्याची निराळी कटकट. काचेत दिवे चमकतात, म्हणून काड्या कानावर किंचित उचलून काचा खाली झुकवायच्या, नाहीतर काढूनच टाकायच्या. पण बिनकाचेची फ्रेम तिरक्या क्लोजमध्ये उघडी पडते. शिवाय काकांना खरोखरच नंबर असेल, तर हातातलं मृत्युपत्र त्यांना वाचता येत नाही ते वेगळंच.

हिशोब ‘पर डे’. शिफ्ट बारा तासांची. सकाळी सातचा कॉल आणि आपला प्रसंग लागतो संध्याकाळी, असं सर्रास. पैसे बहुतेकदा 90 दिवसांनी, 10 टक्के टीडीएस कापून. म्हणजे गणपतीत केलेल्या कामावर दिवाळी नव्हे, नाताळ. रात्री शिवाजी मंदिरला प्रयोग असेल तर तारखा प्रॉडक्शनला आधीच कळवायच्या, आणि तरी घोडबंदरच्या सेटवरून दादर गाठताना जीव टांगणीला.

कृष्णधवल दूरदर्शनवर चिमणरावांच्या जोडीला गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे लोकांसाठी जन्मभर गुंड्याभाऊच राहिले. आजच्या काकांना पाचशे भाग करूनही ते भाग्य मिळेलच असं नाही. भाजीवाली ओळखते, पण मालिकेचं नाव चुकवते.

ट्रॅक, म्हणजे मालिकेतलं काकांचं कथानक, संपला की दोन वाटा. एक, हार घातलेला फोटो. त्यात फार तर एखादा फ्लॅशबॅक. दुसरी, काका गावाला जातात. नटांना ही दुसरी बरी वाटते, कारण टीआरपी घसरला की गावाहून माणूस परत आणता येतो. फक्त तोवर मिशी तशीच ठेवावी लागते, आणि नेमकं दुसऱ्या मालिकेत जे वकीलसाहेब मिळत असतात, ते सफाचट हवे असतात.