व्हिएन्नातला केक आणि दारावरची रांग

म्युनिकहून रेल्वेनं व्हिएन्ना चार तासांवर. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालो, रात्री पोचलो. खोली, ट्रामचा पास, सगळं बिनबोभाट झालं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते शनिवारच्या रांगेवर.

बेत साधा होता. चौघं मित्र, प्रत्येकानं वेगळं मागवायचं आणि ताटल्या फिरवायच्या. म्हणजे एका बैठकीत झाखर टॉर्ट (चॉकलेटचा केक), एस्टरहाझी टॉर्ट (सुक्यामेव्याच्या थरांचा केक), आप्फेलश्ट्रूडेल (पातळ पिठात गुंडाळलेलं सफरचंद) आणि टोफेनश्ट्रूडेल (तसंच, पण आत चक्क्यासारखं सारण). कॅफे नावाजलेला होता. नाव घेत नाही.

बाहेर दोरी लावलेली, बोचरं वारं, आणि काचेतून आतली रिकामी टेबलं दिसताहेत! दारावरची बाई विचारायची, "किती जण?" चार म्हटलं की मान हलवायची, आणि मागच्या दोघांना आत सोडायची. मग त्यांच्या मागच्या दोघांना. ऑनलाइन टेबल राखायला गेलो तर शनिवार-रविवार करडे, दाबलेच जात नाहीत. फोन केला तर यंत्र जर्मनमध्ये सांगतं, थेट या. थेटच तर आलो होतो बाई!

रांग हलत का नाही हे नंतर कळलं. एक कॉफी घेऊन तासन्‌तास पेपर वाचत बसायचं, वेटरनं बिल आणून टेकवायचं नाही, उलट पाण्याचा पेला भरून द्यायचा, ही इथली रीत. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसची संस्कृती २०११ मध्ये युनेस्कोसाठीच्या ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय वारसायादीत गेली. आत बसलेल्याला स्वर्ग आहे हो, पण बाहेर उभा असलेला त्याच वारशाचे चटके सोसतो.

आमच्यातला एक म्हणाला, दोन-दोन होऊन जाऊया. मी ठाम नाही म्हटलं. दोघं खिडकीशी आणि दोघं मुदपाकखान्याशी बसले तर ताटल्या फिरवणार कशा? तुम्हाला फक्त फोटो हवा असेल तर खुशाल दोन-दोन व्हा, लगेच आत जाल. शिवाय पार्सलचा काउंटर वेगळा असतो. लालबागला नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग असते ना, तसंच. टॉर्ट लाकडी खोक्यात बांधून मिळतो आणि टिकतोही. हे त्या बाईनं सांगितलं नाही, बाहेर येणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं.

अखेर चौघांना टेबल मिळालं. झाखर टॉर्ट १८३२ मध्ये फ्रान्झ झाखर या सोळा वर्षांच्या शिकाऊ आचाऱ्यानं ऑस्ट्रियाचे चॅन्सलर मेटरनिख यांच्यासाठी केला, असं सांगतात. पुढे 'अस्सल' कोणाचा यावरून हॉटेल झाखर आणि डेमेल हे केकचं जुनं दुकान कोर्टात भांडले, ते १९६३ मध्ये मिटलं. फरक जर्दाळूच्या जॅमचा: हॉटेलवाले मधल्या थरातही लावतात, डेमेल फक्त चॉकलेटच्या कवचाखाली. माझं मत विचाराल तर केक कोरडाच. सोबतची फेटलेली साय बिनसाखरेची असते, ती प्रत्येक घासाला घ्या, मग जमतं. एस्टरहाझी मात्र एक नंबर, आणि त्यासाठी रांगेची गरज नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या साध्या कॉन्डिटोरायमध्ये, म्हणजे केक-पेस्ट्रीच्या दुकानात, तितकाच चांगला मिळाला, तोही बसल्या बसल्या.

अंडं न खाणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रियातल्या मेनूवर पदार्थापुढे बारीक अक्षरं असतात. सी म्हणजे अंडं, जी म्हणजे दूध, एच म्हणजे बदाम-अक्रोडसारखा सुकामेवा. आमच्या शाकाहारी मित्राचं यावर सगळं निभावलं. श्ट्रूडेलचं ताणून कागदासारखं केलेलं पीठ बऱ्याचदा बिनअंड्याचं असतं, पण टोफेनश्ट्रूडेलच्या चक्क्यासारख्या सारणात अंडं घालतात. तेव्हा अक्षर बघाच.

सकाळी उघडताच गेलात तर रांग टळते. रविवारी किराण्याची दुकानं बंद असतात, म्हणून घरी न्यायच्या गुलाबी पाकिटातल्या मानर वेफर्स शनिवारीच घ्या. आम्ही त्या मोठ्या स्टेशनवरच्या सुपरमार्केटमधून घेतल्या, ते रविवारीही उघडं होतं. आणि पुन्शक्राप्फेन नावाचा गुलाबी चौकोनी केक पोरांना देण्याआधी विचारा, त्यात रम असते.