तुम्ही विचारलंत म्हणून: सुयांनी खरंच दुखणं थांबतं का?

संख्याशास्त्र शिकवणारी बाई कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घेते हे कळल्यापासून नाशिकच्या कॉलेज रोडवर भेटणारा प्रत्येक परिचित मला विचारतो, ‘त्याने खरंच फरक पडतो, की मनाचे खेळ?’

माझ्या मणक्याचा इतिहास सर्वांना तोंडपाठ आहे. एक दुपार मात्र मी कोणाला सांगितलेली नाही. नाशिकमधल्याच एका रुग्णालयात डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली, ‘वयोमानाची झीज आहे, विशेष काही नाही’ असे म्हटले आणि मी समोर बसलेली असताना माझ्या यजमानांना सांगितले, ‘मॅडमना ताण आहे, भंडारदऱ्याला फिरवून आणा.’ (कंबर धरलेल्या बाईला घाटरस्त्याने!) मी टेबलाचा आधार घेऊन उठेपर्यंत त्यांनी पुढची फाईल उघडलीही होती. ताण होताच, तो मी नाकारत नाही; पण ताण आहे म्हणून दुखणे खोटे कसे ठरते, हा प्रश्न त्यांना विचारायचे धैर्य मला झाले नाही, आणि त्या अपमानाने रिक्षात जे रडू आले ते कळांनी कधी आले नव्हते.

पुढे गंगापूर रोडवरच्या वेदना-चिकित्सकांनी औषध आणि व्यायाम ठरवून दिले आणि जोडीला ॲक्युपंक्चर सुचवले. गुडघ्यामागच्या खळगीत सुई शिरल्याचे जेमतेम जाणवले. ती फिरवल्यावर मात्र जडसर ठणका पोटरीत उतरला. सुया लावणाऱ्या बाईंनी झोपेबद्दल विचारले, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतले.

जर्मनीतल्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे 1162 रुग्ण होते. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेणाऱ्यांपैकी सुमारे 48 टक्के, भलत्याच जागी वरवर टोचून घेणाऱ्यांपैकी 44 टक्के आणि नेहमीचे औषध-व्यायाम घेणाऱ्यांपैकी 27 टक्के जणांना उतार पडला. वर्गात उभी राहणारी मी म्हणते, बिंदूंचे शास्त्र इथेच संपले. टेबलावर पालथी पडलेली मी म्हणते, मग नेहमीचे उपचार इतके मागे का? वर्गातली पुन्हा बजावते की त्या गटाला आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत हे ठाऊक होते. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही 2016 मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये म्हटले आणि 2021 मध्ये ठळक कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी त्याचा विचार करावा असे सुचवले.

पाय लुळा पडू लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सुयांचे नावही न काढता थेट रुग्णालय गाठावे, एवढे मी ठामपणे सांगते. बाकी माझी झोप सुधारली आहे आणि तासभर उभे राहून शिकवता येते. औषध, व्यायाम आणि सुया एकदमच सुरू झाल्यामुळे श्रेय कोणाचे ते ठरवायचे, तर त्यांतले एकेक बंद करून पाहावे लागेल, आणि ते करून पाहायची माझी तयारी नाही.