कॅमेऱ्यात कोणता रोल?

फोनमधल्या फोटोचे रंग नंतर ठरवता येतात. फिल्म कॅमेऱ्यात ते रोल भरतानाच ठरतात आणि छत्तीस फोटो संपेपर्यंत त्यांच्याशी नांदावं लागतं. म्हणून रोल निवडताना भलेभले चिकित्सक होतात.

कोडॅकची एक्टार १०० ही फिल्म घ्या. (आकडा फिल्मच्या वेगाचा; तो जितका मोठा, तितका कमी उजेड पुरतो.) दाणा, म्हणजे फोटोत दिसणारे ठिपके, इतका बारीक की फोटो कितीही मोठा करा, आणि निळ्या आकाशाला तर तोडच नाही. पण ऊन थोडं उतरलं की तिची पंचाईत होते, आणि माणसांचे चेहरे ती उगाच लालबुंद करते. पोर्ट्रा ४०० चेहऱ्यांना जपते, दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट, उजेड पडला तरी कुरकुर करत नाही. तिचा दोष एकच, किंमत. महागडा रोल आत असला की बोट बटणावर अडखळतं. दारातल्या चपला, पडद्यावरून सरकणारं ऊन, पाठमोरं बसून केस विंचरणारं कुणी, असल्या गोष्टींवर फ्रेम ‘वाया’ घालवायला जीव होत नाही. आता रोजच्या फोटोग्राफीतून या गोष्टी वगळल्या तर उरलं काय?

राहता राहिली कोडॅकचीच गोल्ड २००. उन्हात छान, किंचित पिवळसर. संध्याकाळी घरात मात्र लेन्स एफ/२ इतकी मोठी उघडूनही शटर १/१५ सेकंदाच्या आसपास येतं, आणि तेवढा वेळ हात स्थिर ठेवायचा म्हणजे श्वास रोखणं आलं. त्यामुळे रोजच्यासाठी माझं मत ४०० च्या बाजूने, त्यातही कोडॅकच्या साध्या अल्ट्रामॅक्सला. दाणा जरा जाड दिसतो. दिसू दे.

आणि रंगांचं म्हणाल तर धुतलेली निगेटिव्ह खिडकीशी धरून बघा. सगळी पट्टी नारिंगी, आकाश तपकिरी, झाडं जांभळट. फिल्ममधले रंग मुळात पूर्ण शुद्ध नसतात, त्यांची चूक भरून काढायला हा नारिंगी रंग मुद्दाम ठेवलेला असतो. त्याला वजा करून, उलटं सुलटं करून आपल्याला जे दिसतं ते स्कॅनर आणि स्कॅनरपुढे बसलेला माणूस ठरवतो. एकच फ्रेम एका लॅबमधून हिरवट येते, दुसरीकडून उबदार. ‘गोल्डचा पिवळेपणा’ म्हणून आपण तावातावाने जे भांडतो, त्यातला बराचसा त्या माणसाच्या आवडीचा असतो!

म्हणून रोल बदलत बसण्यापेक्षा लॅब एकच धरावी. दुसरं, उजेडाच्या बाबतीत हात सैल ठेवावा. निगेटिव्हला जास्त उजेड पचतो, कमी पचत नाही; सावल्या चिखलासारख्या होतात आणि दाणे वर येतात. (स्लाइड फिल्मचं, म्हणजे जिच्यावर थेट सुलटे रंग उमटतात तिचं, नेमकं उलट, तिथे थोडा जास्त उजेडही महागात पडतो.) मी ४०० ची फिल्म भरते आणि उजेड मोजणारं मीटर २०० वर लावून, म्हणजे दुप्पट उजेड देऊन, मोकळी होते. भर उन्हात त्याने काही बिघडत नाही, आणि ढगाळ दिवशी सावलीतल्या माणसांचे डोळे दिसतात.