१० दिवसांची नोटीस आणि आमच्या गावचा फेट

आमच्या गावच्या चर्चचा फेट, म्हणजे निधी जमवण्याची छोटी जत्रा, शनिवारी, ६ सप्टेंबर २०२५ रोजी व्हायचा होता. दुपारी चर्चच्या आवारात केक, टोम्बोला (चिठ्ठी काढून बक्षीस), जुन्या पुस्तकांचे टेबल आणि नारळ पाडण्याचा खेळ, संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये जेवण, आणि जमलेले पैसे छपराच्या दुरुस्तीला, असा हा दरवर्षीचा बेत असतो. गाव इंग्लंडमधल्या नॉरफोक काउंटीतले, चर्च गारेच्या दगडाचे आणि गोल मनोऱ्याचे. असे मनोरे या एका काउंटीत शंभराहून अधिक आहेत. मार्चच्या सभेत "जेवणासोबतच्या वाइनचे कोण बघणार?" असा प्रश्न आला, सगळे आपापल्या चहाच्या कपात पाहू लागले आणि मी हात वर केला. चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या वॉर्डन वयाने माझ्या आईएवढ्या आहेत. त्यांना नुसत्या नावाने हाक मारण्याची इथली रीत मी पाळते, मनात मात्र त्या वॉर्डनकाकूच आहेत. त्यांनी मला एवढेच सांगितले की एक साधा फॉर्म असतो आणि तो १० दिवस आधी भरायचा असतो.

त्या साध्या फॉर्मचे नाव टेम्पररी इव्हेंट नोटीस. आमच्या हॉलला दारूविक्रीचा कायमचा परवाना नाही, त्यामुळे २००३च्या लायसन्सिंग कायद्याप्रमाणे ही नोटीस द्यावीच लागते. कोणाला द्यायची, यात माझा जुलै गेला. इथे पॅरिश (गाव आणि त्याच्या चर्चची हद्द) या एका शब्दाखाली दोन बिऱ्हाडे नांदतात: चर्चचा कारभार पाहणारी पॅरोकियल चर्च कौन्सिल वेगळी, आणि गावातली बाकडी, खेळाचे मैदान वगैरे सांभाळणारी पॅरिश कौन्सिल वेगळी. १८९४च्या कायद्याने ग्रामकारभार चर्चच्या हातून काढून घेतला, तेव्हापासूनची ही वाटणी आहे. परवान्यांचे काम या दोघींपैकी कोणाकडेच नाही. ते जिल्हा कौन्सिलकडे असते.

जेवणाच्या तिकिटातच वाइनची किंमत धरली तर नोटीस टळेल, असे मला वाटले होते. टळत नाही, तिकिटात धरलेली वाइनही विक्रीच समजली जाते. गंमत अशी की टोम्बोलात बक्षीस म्हणून ठेवलेल्या सीलबंद बाटलीला ही नोटीस लागत नाही, पण तीच बाटली उघडून एक पेला विकला की लागते.

शुक्रवारी, २२ ऑगस्टला दुपारी मी कौन्सिलच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला, २१ पौंड भरले आणि शनिवार-रविवार सोडून बोटांवर मोजले: २२, २५, २६, २७, २८, २९, मग १ ते ५ सप्टेंबर, एकूण ११. दहा हवेत, आपल्याकडे एक शिल्लक आहे, अशा समाधानात मी चहा केला. मंगळवारी सकाळी ईमेल आली की आपली नोटीस उशिराची म्हणून नोंदली गेली आहे. मी तीच बोटे पुन्हा मोजली आणि कार्यालयाला फोन लावला. तिथे फोन फक्त सकाळी उचलतात आणि त्या सकाळी मी ३५ मिनिटे संगीत ऐकले. शेवटी भेटलेल्या बाईंनी शांतपणे सांगितले की नोटीस दिल्याचा दिवस मोजायचा नाही, कार्यक्रमाचा दिवस मोजायचा नाही, आणि २५ तारखेला बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी होती. म्हणजे माझे ११ दिवस प्रत्यक्षात ९ होते. गुरुवारी, २१ तारखेला फॉर्म भरला असता तर काहीच झाले नसते. पानावर ठळक अक्षरांत "१० कामकाजाचे दिवस" एवढेच होते. दोन्ही टोके वगळायची, हे खाली एका दुव्यामागे दडवून ठेवण्यामागचा हेतू मला आजही कळलेला नाही.

उशिराची नोटीस, म्हणजे ५ ते ९ दिवस आधीची, चालते, पण तिला सुनावणीचा हक्क नाही. नेहमीच्या नोटिशीवर पोलिसांनी किंवा पर्यावरण आरोग्य विभागाने हरकत घेतली तर कौन्सिलपुढे बाजू मांडता येते. उशिराच्या नोटिशीवर हरकत आली की विषय तिथेच संपतो. हरकतीसाठी त्यांना ३ कामकाजाचे दिवस असतात, तेव्हा गुरुवार संध्याकाळपर्यंत मी दर तासाला ईमेल उघडत होते. काहीही आले नाही. शुक्रवारी मी पुन्हा फोन केला आणि परवाना कधी मिळेल असे विचारले. परवाना मिळत नाही, असे उत्तर आले. हरकत आली नाही, म्हणजे झाले. शिक्का, सही, जावक क्रमांक यांवर वाढलेल्या माझ्यासारखीला त्या शांततेवर विश्वास ठेवणे फार जड गेले. मिळालेल्या पोचपावतीची प्रत मी तीनदा छापली.

नोटिशीची प्रत कार्यक्रमाच्या ठिकाणी लावावी किंवा जवळ बाळगावी लागते. नोटीस संस्थेच्या नव्हे, अठरा वर्षांवरील एका व्यक्तीच्या नावाने द्यायची असते, हे हात वर करण्याआधी माहीत असलेले बरे. उपस्थितांचा आकडा ४९९पेक्षा जास्त नसावा आणि त्यात वाढपीही धरायचे. आमचे जेमतेम ८० होते. आणखी एक राहिलेच: रॅफलची (सोडतीची) तिकिटे फेटच्या दिवशी फेटमध्येच विकावीत. आधीच दुकानात विकायला ठेवली तर लॉटरी म्हणून कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि तिचे पहिल्या वर्षीचे शुल्क ४० पौंड आहे.

जेवणाला मी बटाटेवडे केले होते. जाहीर करायच्या १४ ॲलर्जी-घटकांत मोहरी आहे. बेसन नाही, म्हणून मी निर्धास्त होते. आदल्या रात्री सहज हिंगाची डबी फिरवून पाहिली, तर बारीक अक्षरांत गव्हाचे पीठ लिहिलेले. चिठ्ठीवर "मोहरी, गहू" असे मोठ्या अक्षरांत लिहून ती परातीसमोर उभी केली. ग्लूटेन न चालणाऱ्या एका आजोबांनी ती वाचून हात मागे घेतला आणि भात मागितला.

नोटिशीची प्रत मी वाइनच्या टेबलामागे चार टाचण्यांनी लावली होती. रात्री दहाला खुर्च्या रचताना वॉर्डनकाकूंनी ती काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडायला घेतला.