केळी भावाच्या ग्राफिक्ससाठी लूप क्लिप : माझा अनुभव

रावेर आणि बऱ्हाणपूरचे केळीचे भाव टीव्हीवर दाखवणाऱ्या टेम्प्लेटमागे (ग्राफिक्सच्या तयार साच्यामागे) फिरणारी क्लिप मी तयार केली. तारीख, बाजार आणि क्विंटलचा भाव रोज बदलतो, मागची बाग तीच राहते. निवेदक किती वेळ बोलेल ते आधी ठरत नाही, म्हणून क्लिप लूपमध्ये, म्हणजे संपली की पुन्हा पहिल्यापासून, कुठेही झटका न देता फिरत राहायला हवी.

फोन ट्रायपॉडवर लावला, फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक केलं. ढगांची ये-जा असेल तेव्हा शूट करू नये. मध्येच सावली सरकली तर लूपचा जोड लगेच कळतो. घड फ्रेमच्या डाव्या बाजूला घेतले, कारण अक्षरं उजवीकडे बसणार होती. चारही कडांना पाच टक्के जागा, म्हणजे १९२० × १०८० च्या चित्रात डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल, महत्त्वाचं काही न ठेवता सोडली.

आपलं प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमचं, फोन शूट करतो ३० ने, आणि तेही कधी कमी कधी जास्त. सॉफ्टवेअरने दर सहा फ्रेममागे एक गाळली, की पान सेकंदाला पाच वेळा अडखळतं. दोन फ्रेम एकमेकींत मिसळल्या तर पानाची कड दुहेरी दिसते. मी आधी फ्रेमरेट स्थिर ३० केला आणि मग त्याच फ्रेम २५ च्या वेगाने वाचायला लावल्या. हालचाल मूळच्या सुमारे ८३ टक्के वेगाने होते. पानं जरा संथ डोलतात, आणि आकड्यांमागे तेच बरं दिसतं. माणसं चालताना असतील तर मात्र हा उपाय चालत नाही, तेव्हा सुरुवातीलाच २५ किंवा ५० ने शूट करावं.

लूपसाठी ३०० फ्रेम घेतल्या, १५० व्या फ्रेमनंतर तुकडा केला आणि दुसरा अर्धा भाग पुढे आणला. मधल्या जोडावर ५० फ्रेमचा डिझॉल्व्ह दिला, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा उमटतो. उरल्या २५० फ्रेम, बरोबर दहा सेकंद. आता क्लिप १५१ व्या फ्रेमने सुरू होते आणि १५० व्या फ्रेमने संपते, म्हणजे फिरून येताना मूळच्याच दोन लागोपाठच्या फ्रेम भेटतात. डिझॉल्व्ह पोटात गेला, टोकं नैसर्गिक राहिली.

खरी अडचण पानांच्या शिरांनी केली. लोंबतं पान असलं की शिरा जवळजवळ आडव्या येतात, एकेक पिक्सेल उंचीच्या. १०८०आय या प्रक्षेपण पद्धतीत प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, दाखवली जाते; अशी रेघ त्यांपैकी एकाच फील्डमध्ये पडते, म्हणून टीव्हीवर पान थरथरल्यासारखं दिसतं. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर ते अजिबात कळत नाही. फक्त उभ्या दिशेने साधारण एक पिक्सेल ब्लर दिला आणि आउटपुट कार्डातून (कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीला देणाऱ्या कार्डातून) थेट टीव्हीवर तपासलं, तेव्हा पान शांत झालं.

बाजूने सरकत येणारा केळीचा घड वेगळी क्लिप होती, तिला पारदर्शकता हवी. नेहमीच्या एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, राहत नाही, म्हणून ती ठेवणाऱ्या प्रोरेस ४४४४ फॉरमॅटमध्ये केली. दहा सेकंदांना ३४० एमबीच्या आसपास जागा लागते, ती द्यावी. अल्फा स्ट्रेट (रंग मूळचे, पारदर्शकता वेगळी) की प्रीमल्टिप्लाइड (रंगात पारदर्शकता आधीच गुणलेली), हे टेम्प्लेट बनवणाऱ्याला आधी विचारावं. गल्लत झाली की घडाभोवती काळी किनार उमटते. काळ्या पार्श्वभूमीवर ती लपते, त्यामुळे तपासणी पांढऱ्यावर आणि पिवळ्यावरच करावी.

रंग रेक.७०९ या एचडी टीव्हीच्या मानकात, उजेडाची पातळी १६ (काळा) ते २३५ (पांढरा). इथे चूक झाली की एकतर बागेतली सावली काळीठिक्कर पडते, नाहीतर सगळं चित्र धुरकट होतं. आवाजाचा ट्रॅक पूर्ण काढला, विहिरीवरची मोटार निवेदकामागे ऐकू यायला नको.

फाइलच्या नावात जागा आणि मात्रा ठेवल्या नाहीत, इंग्रजी छोटी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच. क्लिप बदलली तरी नाव तेच ठेवलं. टेम्प्लेट क्लिपला नावानेच हाक मारतं, एक अक्षर चुकलं तर भाव येतात आणि मागे नुसता काळा पडदा.